हुक हरवलेला बोलिंग बॉल: नवा घेण्याआधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सप्टेंबरमध्ये लीग सुरू होताना तुम्ही पंधरा पौंडांचा रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनचा, म्हणजे ज्याचं बाहेरचं कव्हर तेल शोषतं असा, बॉल घेतला. दिवाळीपर्यंत तो लेनच्या शेवटच्या टप्प्यात जोरात वळून (या वळण्यालाच हुक म्हणतात) पॉकेटमध्ये, म्हणजे सगळ्यात पुढची हेडपिन आणि तिच्या उजवीकडची पिन यांच्या मधल्या फटीत, शिरत होता. आता फेब्रुवारी आहे, नव्वदेक गेम झालेत, आणि त्याच जागी उभं राहून, लेनवरच्या त्याच बाणावरून टाकला तरी बॉल हेडपिनच्या उजवीकडून निघून जातो. टीममधला एक जण म्हणतो, बॉल मेला, नवीन घे. दुसरा म्हणतो, घरच्या ओव्हनमध्ये तापवून बॉलमध्ये मुरलेलं लेनवरचं तेल काढ. तिसऱ्याने अ‍ॅसिटोनने पुसायला सांगितलं. यातलं काय करावं?

मी मिशिगनमध्ये एका बोलिंग सेंटरच्या प्रो-शॉपमध्ये बॉलना भोकं पाडतो आणि त्यांची देखभाल करतो. हिवाळ्याच्या शेवटी शेवटी हीच तक्रार घेऊन सगळ्यात जास्त लोक येतात. त्यांतले बहुतेक बॉल अजून दोन-तीन सीझन सहज खेळण्यासारखे असतात. म्हणून तुम्हाला माझं पहिलं सांगणं: तिन्ही सल्ले तूर्त बाजूला ठेवा. आधी बॉलच बदललाय का हे तपासा, मग त्याच्या पृष्ठभागाकडे बघा, मग आतल्या तेलाकडे. उष्णता सगळ्यात शेवटी. हा क्रम मी का धरतो ते सविस्तर सांगतो, कारण तो उलटा धरल्यामुळे चांगले बॉल तडकलेले मी पाहिलेत.

"बॉल वळत नाही" म्हणजे नेमकं काय होतंय, हे आधी बघायला हवं. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या मागून बॉल टाकायचा त्या रेषेपासून, हेडपिनपर्यंत ६० फूट. ताशी सोळा-सतरा मैलांच्या वेगाने टाकलेला बॉल हे अंतर साधारण अडीच सेकंदांत कापतो. लीगच्या नेहमीच्या पॅटर्नमध्ये, म्हणजे लेनवरच्या तेलाच्या आखणीत, सुरुवातीच्या ४० फुटांच्या आसपास तेल असतं आणि पुढचा भाग कोरडा. तेलावर बॉल घसरतो. तो स्वतःभोवती एका दिशेने फिरत असतो आणि पुढे सरकत असतो दुसऱ्या दिशेने. लेनची पकड मिळायला लागली की तो वळतो. आणि फिरण्याची दिशा व पुढे जाण्याची दिशा एक झाली की वळणं संपतं, तिथून पुढे तो नुसता गडगडत जातो. चांगल्या शॉटमध्ये हे गडगडणं पिनांच्या थोडंसं आधी सुरू होतं.

म्हणजे हुक दोन तऱ्हांनी हरवू शकतो. एक, बॉल घसरतच राहतो, त्याला पकडच उशिरा मिळते आणि वळायला जागा उरत नाही. दोन, बॉलला पकड फार लवकर मिळते, तो मधल्या टप्प्यातच हळूहळू वळून सगळी ताकद संपवतो आणि शेवटचे वीस फूट नुसता गडगडतो. दुसऱ्या प्रकारात बॉल पुष्कळदा पॉकेटपर्यंत पोचतो, पण आपटण्यात जोर नसतो आणि १० नंबरची, म्हणजे मागच्या रांगेतली उजव्या टोकाची, पिन उभी राहते. खेळणाऱ्याला दोन्ही वेळा एकच वाटतं: "आधीसारखा झटका नाही." पण दोन्हींचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. पहिल्याला पृष्ठभाग खरखरीत करावा लागतो, दुसऱ्याला गुळगुळीत. तुमच्या वर्णनावरून मला पहिला प्रकार वाटतो, तरी फोनवर मागून व्हिडिओ काढा आणि बॉल कुठे वळायला लागतो ते नीट बघा. उभं राहून टाकताना आपलं लक्ष पिनांवर असतं, मधले वीस फूट दिसतच नाहीत.

आता बॉलशिवाय काय बदललं असेल. लेन बदलते. सेंटरने तेलाचा प्रकार बदलला, मशीनमधलं प्रमाण वाढवलं, पॅटर्न दोन-तीन फुटांनी लांबवला, तरी काउंटरवर कोणी तुम्हाला आपणहून सांगणार नाही. विचारलं तर मात्र सांगतात. संध्याकाळच्या लीगआधी लेनला ताजं तेल लागतं की दुपारच्या खेळावरच तुमची लीग सुरू होते, तेही विचारा. आणि शेजारच्यांच्या बॉलकडे बघा. सगळ्यांचेच बॉल उजवीकडून निसटत असतील तर तुमच्या बॉलला दोष देण्यात अर्थ नाही.

हातही बदलतो, आणि थंडीत तर फारच. आमच्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत बाहेरून आलेल्या माणसाचा अंगठा सप्टेंबरपेक्षा बारीक असतो. भोक तेवढंच, अंगठा बारीक. मग बॉल हातातून पडू नये म्हणून माणूस नकळत मूठ आवळतो. मूठ आवळली की अंगठा उशिरा सुटतो, बोटांना बॉल फिरवायला वेळ मिळत नाही आणि फिरकी कमी होते. बॉल तोच, लेन तीच, पण हुक गेला. हे इतकं सर्रास होतं की तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी आधी बॉल हातात धरून मोकळा झुलवायला लावतो. अंगठ्याच्या भोकात टेपचे एक-दोन तुकडे लावून प्रश्न सुटला तर बाकी काही करायला नको. तुम्ही हे घरीच करून बघू शकता.

बॉलच दोषी आहे का, हे कळायला माझी एक साधी चाचणी आहे. नेहमीच्या हाउस शॉटमध्ये, म्हणजे सेंटरच्या रोजच्या तेलाच्या पॅटर्नमध्ये, तेल मधल्या बोर्डांवर (लेनच्या उभ्या पट्ट्यांवर) जास्त आणि कडेला कमी असतं. सरावाच्या वेळी उजवीकडे सरका आणि गटरच्या कडेला धरून, चौथ्या-पाचव्या बोर्डवरून, सरळ बॉल टाका. तिथे कमी तेल असूनही बॉल घसरतच गेला, तर त्याच्या पृष्ठभागाने पकड गमावलीये. तिथून तो जोरात वळून डावीकडे गेला, तर बॉल ठीक आहे. मधल्या भागातलं तेल वाढलंय किंवा तुमचं टाकणं बदललंय. शक्य असलं तर एकदा दुसऱ्या सेंटरलाही नेऊन बघा.

समजा चाचणीत बॉलच सापडला. मग पृष्ठभाग. माझ्या अनुभवात पाचांपैकी चार वेळा उत्तर इथेच असतं, आणि लोक सगळ्यात कमी लक्षही इथेच देतात.

बॉलच्या आत कोअर, म्हणजे मधला गाभा, कसला आहे, भोकं कुठल्या कोनात पाडलीत, यावर लोक तासन्‌तास बोलतात. अमेरिकेत या खेळाचे नियम ठरवणाऱ्या युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसने, म्हणजे यूएसबीसीने, बॉलच्या हालचालीचा जो अभ्यास केला, त्यात सर्वांत प्रभावी घटक ठरला तो पृष्ठभागाचा सूक्ष्म खरखरीतपणा. कारण सरळ आहे. डोळ्यांना न दिसणारे पृष्ठभागावरचे कंगोरे तेलाचा पातळ थर भेदून लेनला टेकतात. कंगोरे उंच आणि टोकदार असले की तेलातही पकड मिळते. ते झिजून सपाट झाले की बॉल तेलाच्या थरावर तरंगतो.

आणि ते झिजतात फार लवकर. दोन हजार ग्रिटच्या (आकडा जितका मोठा तितकं घासणं बारीक) पॅडने घासून दिलेला बॉल काही गेममध्येच, जिथे तो लेनला टेकतो त्या पट्ट्यात, तीन-चार हजार ग्रिटसारखा गुळगुळीत होतो. बॉल उजेडात धरून फिरवा. बाकीचा भाग मंद दिसेल आणि तो पट्टा चमकेल. आम्ही याला लेन शाइन म्हणतो. उलट, दुकानातून पॉलिश होऊन आलेला चकचकीत बॉल असेल तर त्याच्या त्याच पट्ट्यात बारीक ओरखडे पडतात, चमक जाते आणि त्याला पकड लवकर मिळायला लागते. म्हणजे खरखरीत बॉल गुळगुळीत होत जातो, चकचकीत बॉल मंद होत जातो, आणि दोघेही मधल्या कुठल्यातरी अवस्थेकडे सरकतात. त्यामुळे मी सगळ्यात आधी विचारतो की बॉल खोक्यातून निघाला तेव्हा त्याचा फिनिश काय होता. तुम्ही ते लिहिलेलं नाही. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या माहितीत सापडेल: "२००० अ‍ॅब्रलॉन" असं काही, किंवा ग्रिटचा आकडा आणि पुढे पॉलिशचं नाव. ज्या हुकच्या तुम्ही प्रेमात पडलात तो त्या फिनिशचा होता.

मंद फिनिशचा बॉल असेल तर हे काम घरी होतं. अ‍ॅब्रलॉन किंवा सियाएअरचे पॅड प्रो-शॉपमध्ये सुटे मिळतात; ५००, १००० आणि २००० असे तीन घ्या. बॉल स्वच्छ करा, एखाद्या वाटीवर किंवा बॉल-कपवर ठेवा, पॅड ओला करा आणि ५०० ने सुरुवात करा. वर, खाली, पुढे, मागे, डावी, उजवी अशा सहा बाजू धरा आणि प्रत्येक बाजूला सारखाच वेळ, सारखाच दाब द्या. आधी उभं, मग आडवं घासा, म्हणजे ओरखडे एकाच दिशेचे राहत नाहीत. मधे बॉल पुसा, कारण आधीच्या पॅडचा चुरा राहिला तर पुढचा पॅड त्यानेच बॉल ओरबाडतो. मग १०००, मग २०००. फक्त चमकणारा पट्टा घासून सोडून देऊ नका. बॉलच्या फिरण्याचा अक्ष लेनवर थोडा थोडा सरकत असतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत तो नव्या भागावर टेकतो, आणि पृष्ठभाग दोन तऱ्हेचा झाला तर बॉलचं वागणंही दोन तऱ्हेचं होतं. भोकांच्या कडांवर जोर लावू नका. दुकानातल्या स्पिनरवर, म्हणजे बॉल फिरवणाऱ्या यंत्रावर, हेच काम दहा-पंधरा मिनिटांत आणि जास्त एकसारखं होतं, पण हाताने केलेलंही चांगलं चालतं.

पॅडबद्दल एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. पॅडही झिजतो. कोरा करकरीत ५०० चा पॅड आणि दहा वेळा वापरलेला ५०० चा पॅड बॉलवर सारखं काम करत नाहीत. जुना पॅड कितीतरी मऊ फिनिश देतो. म्हणून मी कुठल्या पॅडवर किती वेळा काम झालं ते पॅडच्या पाठीवर पेनाने लिहून ठेवतो.

पॉलिशच्या बॉलला आधी खालचा ग्रिट, मग वर पॉलिश लागतं, आणि ते स्पिनरशिवाय एकसारखं बसत नाही. ते दुकानातून करून घ्या.

सामन्याच्या आधी पृष्ठभाग घासायला परवानगी असते, पण प्रमाणित स्पर्धा किंवा लीग सुरू झाल्यावर बॉल घासणं नियमांत बसत नाही. तसा घासलेला बॉल बाजूला ठेवावा लागतो. द्रव क्लीनरही प्रमाणित खेळ सुरू असताना चालत नाही, तेव्हा फक्त कोरडा टॉवेल वापरा.

लीगमध्ये आठवड्याला तीन गेम खेळणाऱ्याला मी सांगतो की दर चार-पाच आठवड्यांनी शेवटच्या ग्रिटचा पॅड हाताने फिरवा, आणि साठेक गेम झाले की पूर्ण रिसरफेसिंग, म्हणजे सगळा पृष्ठभाग घासून नवा फिनिश, करून घ्या. तेलकट लेनवर खरखरीत बॉल टाकणाऱ्याला हे लवकर लागतं, कोरड्या लेनवर पॉलिशचा बॉल टाकणाऱ्याला उशिरा. वेगाने आणि भरपूर फिरकीने टाकणाऱ्याचा पृष्ठभागही लवकर झिजतो. त्यामुळे साठ हा आकडा पक्का नियम समजू नका. तुमचे नव्वद गेम झालेत आणि तुम्ही पृष्ठभागाला हात लावल्याचं कुठे लिहिलेलं नाही, म्हणून माझा पहिला संशय तिथेच आहे. रिसरफेसिंगने बॉल बारीक होईल ही भीती बाळगू नका. एका वेळी निघणारा थर अगदी नगण्य असतो. नियमाप्रमाणे बॉलचा व्यास साडेआठ इंचांच्या खाली जाता कामा नये, आणि माझ्याकडे आलेले बॉल तिथवर पोचण्याआधी इतर कारणांनी निवृत्त झालेत.

आता तेल. टीममधल्यांचा संशय पूर्ण चुकीचा नाही, पण त्याची पाळी पृष्ठभागानंतर येते.

एकेकाळी बॉल कडक रबराचे होते, मग पॉलिएस्टरचे आले, १९८० च्या दशकात युरेथेन रुळलं, आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिन आलं. रिअ‍ॅक्टिव्हने खेळच बदलला, कारण त्याच्या कव्हरमध्ये सूक्ष्म छिद्रं असतात आणि ती लेनवरचं तेल ओढून घेतात. तेल पृष्ठभागावरून आत गेलं की खाली पकड मिळते. पॉलिएस्टरचा स्पेअर बॉल, म्हणजे उरलेल्या पिना पाडायचा बॉल, जवळजवळ काहीच पीत नाही, युरेथेन थोडंसं, रिअ‍ॅक्टिव्ह मात्र नव्या पणतीसारखं पितं. आणि पणतीसारखंच, एकदा पोटभर प्यायल्यावर पुढचं तेल बाहेरच राहतं. मग तो थर पृष्ठभागावर तरंगतो आणि बॉल घसरतो. हे शोषणं किती वेगाने व्हावं यावर यूएसबीसीने २०२० पासून नव्या मॉडेलांसाठी मर्यादा घातली, इतका हा गुण प्रबळ झाला होता.

दोष पृष्ठभागाचा की आतल्या तेलाचा, हे कसं ओळखायचं? रिसरफेसिंग करा आणि खेळा. हुक परत आला आणि महिनाभर टिकला, तर पृष्ठभागच होता. हुक परत आला पण पहिल्या दोन-तीन गेममध्येच पुन्हा मावळला, तर आत तेल भरलंय. नवे कंगोरे केले तरी छिद्रं भरलेली आहेत, असा त्याचा अर्थ. दुसरी खूण: बॉल उबदार खोलीत किंवा थोडा वेळ उन्हाशेजारी ठेवल्यावर पृष्ठभागावर घामासारखे थेंब दिसतात, विशेषतः त्या पट्ट्यात.

तेल आत जाऊच न देणं हा सगळ्यात स्वस्त उपाय, आणि त्याला शिस्तीशिवाय काही लागत नाही. बॉल परत आला की प्रत्येक वेळी, टाकण्याआधी, मायक्रोफायबरच्या टॉवेलने तेलाचे पट्टे पुसा. स्पेअरनंतरही पुसा, स्ट्राइकनंतरही पुसा. पुसायला तीन सेकंद लागतात, आणि तेवढं तेल कव्हरमध्ये जात नाही. खेळ संपला की बूट काढण्याआधी बॉलवर क्लीनर मारून संपूर्ण बॉल पुसून काढा. तेव्हा बॉल खेळून उबदार असतो आणि तेल पृष्ठभागाजवळ पातळ होऊन असतं. हाच बॉल तसाच पिशवीत गेला आणि दुसऱ्या दिवशी पुसला तर टॉवेलवर फारसं काही येत नाही, कारण तोवर तेल आत मुरलेलं असतं. लोक मला सांगतात, "मी दर रविवारी नीट साफ करतो." लीग मंगळवारी असते.

क्लीनर घेताना तो यूएसबीसीच्या मान्य यादीत आहे का ते बघा. यादी त्यांच्या संकेतस्थळावर आहे. वरवरच्या साफसफाईला आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालतं. भांडी घासायची पावडर किंवा तारेची घासणी वापरू नका, त्याने तुम्ही न कळत ग्रिट बदलता. आणि क्लीनरकडून फार अपेक्षा ठेवू नका. तो वरचं तेल काढतो, मुरलेलं नाही.

मुरलेलं तेल काढायला उष्णता लागते, आणि इथे मी हात जोडून सांगतो की घाई करू नका. बॉल म्हणजे वेगवेगळ्या पदार्थांचे थर आहेत: बाहेर कव्हर, आत भराव, त्याच्या आत कोअर. प्रत्येक जण तापल्यावर वेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतो. हळू आणि थोडं तापवलं तर चालतं; एका बाजूने किंवा झपाट्याने तापवलं तर कव्हर तडकतं. प्रो-शॉपच्या यंत्रात तापमान साठ अंश सेल्सियसच्या खाली राखतात आणि बॉल सगळीकडून सारखा तापेल असं बघतात. घरच्या ओव्हनचं तापमान आकड्याच्या वर-खाली हेलकावत असतं आणि त्याची तार बॉलच्या एकाच बाजूला तापवते. डिशवॉशरचं पाणी फार गरम होतं आणि भोकांमधून आत शिरतं. हेअर ड्रायर तर एकच ठिपका तापवतो. हे तिन्ही नकोत.

घरीच करायचं असेल तर बादली. बॉल आधी पूर्ण एक दिवस घरात ठेवा. फेब्रुवारीत गाडीच्या डिकीतून काढलेला बॉल थेट गरम पाण्यात घालणं म्हणजे तो तडकवायची सोय करणं आहे. पाण्याआधी ५०० च्या पॅडने पृष्ठभाग घासून घ्या. सपाट झालेल्या पृष्ठभागातून तेल बाहेर पडायला वाट नसते. भोकांवर पाणी न शिरेल अशी टेप घट्ट लावा. नळाचं गरम पाणी, पन्नास अंशांच्या आसपास, हात क्षणभरच ठेवता येईल इतकं. गॅसवर उकळलेलं पाणी नाही. भांड्यांच्या साबणाच्या चार-पाच धारा टाका आणि बॉल बुडवून वीस मिनिटं ठेवा. काढल्याबरोबर पुसा, टॉवेलवर पिवळसर तेलकट डाग येईल. पाणी बदलून पुन्हा करा, टॉवेल स्वच्छ निघेपर्यंत. मग बॉल खोलीच्या तापमानाला आपोआप येऊ द्या, दिवसभर कोरडा होऊ द्या, आणि शेवटचा फिनिश द्या. हे करण्याआधी वॉरंटीच्या अटी वाचा, कारण काही कंपन्यांना बॉल पाण्यात बुडवलेला चालत नाही. बॉल महागातला असेल तर दुकानातलं यंत्रच बरं. नवीन बॉलच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे.

हे वर्षातून एकदा, फार तर दोनदा. उष्णतेने तेलाबरोबर कव्हरमधले प्लास्टिसायझर, म्हणजे त्याला मऊ ठेवणारे पदार्थ, हेही थोडेथोडे निघतात, आणि कव्हरचा चिकटपणा त्यांच्यामुळेच असतो. दर महिन्याला बॉल "बेक" करणाऱ्यांचे बॉल माझ्या बघण्यात लवकर निर्जीव झालेत.

अ‍ॅसिटोनचं उत्तर एका शब्दात: नको. ते कव्हरवर हल्ला करतं. पॉलिएस्टरच्या बॉलवरची अक्षरंसुद्धा पुसली जातात. रसायनाने बॉल मऊ करण्याला या खेळात जुना इतिहास आहे. १९७३ मध्ये डॉन मॅक्यून या अमेरिकन व्यावसायिक खेळाडूने प्लास्टिकचे बॉल द्रावकात भिजवून कव्हर मऊ केलं, त्या सीझनमध्ये सहा स्पर्धा जिंकल्या आणि वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. तेव्हा ते नियमाबाहेर नव्हतं. त्यानंतर बॉलच्या कठीणपणाला किमान मर्यादा आली, ती आजही ड्युरोमीटर लावून तपासली जाते, आणि रसायनाने कठीणपणा बदललेला बॉल स्पर्धेतून बाद होतो. शिवाय ते द्रावक अंगाला आणि फुप्फुसांना घातक आहेत. घरात मुलंबाळं असताना तर विचारही करू नका.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सगळं नीट केलं तरी बॉल पहिल्या वीस-तीस गेमसारखा शंभर टक्के होत नाही. ती सुरुवातीची धार कोऱ्या कव्हरची असते. मी गिऱ्हाइकाला सांगतो की पूर्वीच्या हुकचा मोठा भाग परत येईल, आणि उरलेल्यासाठी तुम्ही उभं राहायची जागा दोन बोर्ड सरकवा. बहुतेकांना तेवढ्याने पुरतं. काही फार आक्रमक कव्हर मात्र लवकर थकतात. जे सगळ्यात जास्त तेल पितात तेच सगळ्यात आधी भरतात. मधल्या ताकदीचा, साध्या कव्हरचा बॉल देखभालीने कितीतरी जास्त टिकतो. पुढचा बॉल घेताना हे लक्षात ठेवा, विशेषतः आठवड्याला एकदाच खेळणार असाल तर.

नवीन बॉल कधी घ्यायचा? रिसरफेसिंग आणि तेल काढणं दोन्ही झाल्यावरही कडेच्या चाचणीत बॉल घसरतच राहिला तर. किंवा तडा गेला तर. भोकांमधल्या पुलावर, म्हणजे मधल्या दोन बोटांच्या भोकांमधल्या अरुंद पट्टीवर, आणि अंगठ्याच्या भोकाच्या कडेला नखाने चाचपून बघा. केसासारखी रेघ लागली तर उष्णतेचा विचार पूर्ण सोडा आणि बॉल दुकानात दाखवा. तडे टाळायला बॉल गाडीत ठेवू नका, हिवाळ्यात नाही आणि जुलैच्या उन्हात तर मुळीच नाही. तळघरात बॉयलरशेजारीही नको. जिथे आपण बसतो-उठतो अशा खोलीतलं कपाट सगळ्यात चांगलं.

तुमच्यासाठी या आठवड्याचं काम एवढंच: अंगठ्यात टेप लावून बघा, कडेच्या चौथ्या-पाचव्या बोर्डवरून टाकून बघा, आणि घसरला तर ५००, १०००, २००० करून पुढच्या मंगळवारी खेळा. बॉल मुळात पॉलिशचा असेल तर स्वतः घासू नका, दुकानात न्या. त्या तीन गेमांत पहिला आणि तिसरा कसा वळला ते वेगवेगळं लिहून ठेवा. मग मला बॉलचं मॉडेल, खोक्यावरचा फिनिश, स्क्रीनवर दिसणारा तुमचा वेग आणि मागून काढलेला व्हिडिओ कळवा. तिसऱ्या गेमपर्यंत हुक टिकला असेल तर बादलीची गरज नाही. टिकला नसेल तर तेल काढण्याआधी कुठला ग्रिट आणि नंतर कुठला, हे तुमच्या वेगाप्रमाणे ठरवू.